संत अंतोनियो सरळ उभे राहिले

संताला डोके खाली व पाय वर करून ठेवणे हा भक्तीचा प्रकार नव्हे, असे माझे मत आहे. चर्चच्या सभागृहात मी ते दोन वेळा मांडले आहे. (दुसऱ्या वेळी श्रोते मोजकेच होते आणि त्यांतील एक जण झोपलेला होता. परंतु सत्य श्रोत्यांच्या संख्येवर अवलंबून नसते.)

आमच्या डोंगरातल्या गावात जून महिना लागला की संत अंतोनियोंचे हाल सुरू होतात. लग्नाच्या मुली, आणि ज्यांना मुली म्हणण्याचे दिवस मागे पडले आहेत अशा स्त्रियाही, त्यांना कपाटात उलटे उभे करतात, पेल्यातल्या पाण्यात बुडवतात, दोरी बांधून विहिरीत सोडतात, त्यांच्या कडेवरचे बाळ काढून लपवतात. नवरा मिळाला की बाळ परत आणि संत सरळ. याला विनवणी म्हणत नाहीत. याला ओलीस ठेवणे म्हणतात.

माझी मेव्हणी इझोलिना आमच्याच घरी राहते. ती शिवणकाम करते, कमी बोलते, मक्याचा केक उत्तम करते आणि तिने चाळिशी ओलांडली आहे. तिचे संत अंतोनियो वीतभर उंचीचे, लाकडी, डोक्यामागे पत्र्याचे तेजोवलय असलेले. एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून मी घरी आलो आणि कात्री शोधण्यासाठी तिच्या शिलाई मशीनचा खण उघडला. आत संत डोक्यावर उभे होते. त्यांच्या पायांवरची धूळ पाहता ही शिक्षा जुनी दिसत होती.

मी निर्णय घेतला. (मिस्सा नुकताच झालेला असताना माणसाने घरातले खण उघडू नयेत. मन फार शुद्ध असते.) संतांना त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली पाहिजे. ती उंच असावी, कोरडी असावी, तिला दार असावे आणि कोणी तिथे सुईदोरा शोधायला जाऊ नये. अशी एकच जागा घरात होती: मागच्या बोळात, दाराच्या वर, भिंतीतली विजेची पेटी. मी स्टुलावर चढलो, हात वर करून चाचपडत संतांना आत सरळ उभे केले, दार लावले आणि क्रूसाची खूण करून खाली उतरलो. जागा अरुंद होती. थोडा दाब द्यावा लागला. कोणाला काही सांगितले नाही. शिस्तीचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याचे मशीन चालू होईना.

मशीन आमचे असले तरी प्रश्न साऱ्या गावाचा होता. तेरा जूनला संतांची मिरवणूक निघते. आमच्या मंडळाचे पुरुष पांढरे झगे घालून संतांची पालखी खांद्यावर नेतात. गेल्या वर्षी शहरातल्या लाँड्रीने झग्यांबरोबर कोणाचा तरी लाल पडदा धुतला आणि आम्ही सर्व जण गुलाबी होऊन चाललो. लहान मुले टाळ्या वाजवत होती. फादर बेलार्मिनो आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. यंदाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "झगे माझ्या घरी धुतले जातील. आमच्याकडे नवे मशीन आहे."

फादर म्हणाले, "मास्तर, झगे पांढरे आले तर पालखीचा पुढचा उजवा खांदा तुमचा. नाही आले, तर मेणबत्ती घेऊन मागून चालायचं."

मी बालपणापासून मेणबत्ती घेऊन मागून चालत आलो आहे. शाळेत गणिताचा मास्तर झालो, निवृत्त झालो, केस गेले, मेणबत्ती तीच. पुढचा उजवा खांदा म्हणजे काय, हे ज्याच्या नजरेसमोर जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी राहिल्या त्यालाच कळेल. आता झगे गाठोड्यात बांधून अंगणात पडले होते आणि मशीनचा दिवा लागत नव्हता.

"अहो, प्लग लावलाय का?" पत्नी नोएमियाने स्वयंपाकघरातून विचारले.

"मी आयुष्यभर गणित शिकवलं आहे."

"म्हणूनच विचारतेय."

प्लग लावलेला होता. मी तो काढून पुन्हा लावला. झाकण उघडले, मिटले. मग जोराने मिटले. नळ तपासला. बटण हळू दाबले, ठामपणे दाबले, दाबून धरून मनात एक प्रार्थना म्हटली. प्रत्येक प्रयत्नाआधी साबणाची पावडर एक माप घातली, कारण मशीनच्या माहितीपुस्तिकेत सुरुवात पावडरीपासून आहे आणि मी क्रम मोडणारा माणूस नाही.

"भावोजी, इथे लिहिलंय, विजेच्या पेटीतला खटका बघा," इझोलिना माझ्या खांद्यावरून पुस्तिका वाचत म्हणाली. "मशीनचा खटका वेगळा आहे ना? थांबा, स्टूल आणते."

"नको. पेटी मी पाहिली आहे."

(हे असत्य नव्हते. पेटी समोर होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो.)

"उघडून?"

"घरात दिवे लागत आहेत. त्या अर्थी वीज आहे. शंका संपली."

माझ्या मनात शंका आलीच नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ती आली आणि मी तिला हाकलले. संतांचा आणि बंद मशीनचा संबंध जोडणे हीच ती अंधश्रद्धा, जिच्याविरुद्ध मी सभागृहात दोनदा उभा राहिलो होतो. तत्त्वासाठी माणसाने थोडी गैरसोय सोसली पाहिजे. शिवाय बोळातच इझोलिनाचे शिलाई मशीन आहे आणि झग्यांच्या फाटक्या बाह्या शिवत ती दिवसभर तिथून उठत नव्हती.

संध्याकाळी तिला रिकामा खण दिसला.

"ताई, माझे संत कुठे गेले?"

"जातील कुठे? डोक्यावर उभं राहून कोणाला चालता येतं का?"

दोघींनी खण पाहिले, कपाट पाहिले, तांदळाच्या डब्यातही पाहिले. (तिथे धान्य सरू नये म्हणून गेल्या सणाचा आशीर्वादाचा पाव असतो, तो होता.) मग त्या ओट्यापाशी बसल्या आणि नोएमियाने निकाल दिला, "रागावले ते, इझो. वर्षभर उलटं ठेवलंस. निघून गेले आणि जाताना मशीन बंद करून गेले."

"संत मशीन बंद करत नाहीत," मी म्हणालो. (या विधानाचा मला पुढे खुलासा करावा लागला.)

"मग कोण करतं?"

"ते पाहायला माणूस बोलावू."

आमच्या गावात मशीन दुरुस्त करणारा एकच माणूस आहे. ओतोनिएल. विधुर, उंच, शर्टाचे गळ्यापर्यंतचे बटण लावलेला. तो दुसऱ्या पंथाचा. त्यांच्या प्रार्थनागृहात मूर्ती नाहीत, मेणबत्त्या नाहीत, एकमेकांना ते 'भाऊ' आणि 'ताई' म्हणतात आणि गातात मात्र आमच्यापेक्षा चांगले. त्याच्या गाडीच्या मागच्या दारावर शास्त्रवचन रंगवलेले आहे, त्यामुळे ती चढावर बंद पडली तरी कोणी शिवी देत नाही. तो येण्यापूर्वी मी घरात बजावले, "त्याच्यासमोर संतांचा विषय नको. परक्या पंथाच्या माणसापुढे घरचा गोंधळ मांडायचा नाही."

ओतोनिएल आला, मशीनची पाठ उघडून बसला. मी तेवढ्यात सणाआधीच्या तेरा दिवसांच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जाऊन आलो. परतलो तेव्हा तो अंगणात हात पुसत उभा होता. दुसऱ्याचे पत्र चुकून वाचले गेल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

"मशीन ठणठणीत आहे, मास्तर. वीज येत नाही, एवढंच."

"का येत नाही?"

त्याने बोळाकडे पाहिले. मग शिवणाऱ्या इझोलिनाकडे पाहिले. मग बुटांकडे.

"त्यावर मी न बोललेलं बरं. ज्याची त्याची श्रद्धा."

"विजेचा आणि श्रद्धेचा काय संबंध?"

"इतर घरांत नसेल, मास्तर. तुमच्या घरात आहे. मी मान राखतो."

मी हे पंथाच्या अंगाने घेतले. आमच्या घरात खऱ्या धर्माचा उजेड पोहोचत नाही, असे त्याला सुचवायचे असावे. मी त्याला बसवून श्रद्धा आणि बुद्धी यांचे नाते समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले. त्या वेळात त्याने केकचे तीन तुकडे खाल्ले. (ऐकणाऱ्याचे तोंड भरलेले असले की व्याख्यान निर्वेध पार पडते, हा माझा जुना अनुभव.)

"कधी चालू होईल?" मी शेवटी विचारले.

"तेरा तारखेनंतर होईलच ना," तो म्हणाला. "तोवर धीर धरायचा. यांच्यासारखा." आणि त्याने पुन्हा इझोलिनाकडे पाहिले.

"तेरा तारखेनंतर मला काय उपयोग? मला आधी हवंय."

"मास्तर, घाई करू नका. घरातल्या बायकांचा थोडा विचार करा."

त्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो मोटर पुन्हा पाहतो म्हणून आला. त्यापुढच्या दिवशी पट्टा पाहतो म्हणून. नंतर काय पाहतो ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. यायचा, मशीनला एकदा हात लावायचा आणि बोळात शिलाईपाशी स्टूल ओढून बसायचा. सुरुवातीला इझोलिना म्हणायची, "ओतोनिएलभाऊ, कॉफी घेता?" नंतर मी ऐकले तेव्हा ती म्हणत होती, "ओतोनिएल, कॉफी निवतेय." मधला 'भाऊ' कुठे गळला, हे माझ्या लक्षात आले नाही. मी झग्यांच्या काळजीत होतो.

"भावोजी, मी आणि ताई हाताने धुऊन टाकतो," इझोलिना रोज म्हणे. "दगड आहे, साबण आहे."

"मी मंडळापुढे मशीन म्हणालो आहे."

"फादरना कसं कळणार?"

"मला कळेल," मी म्हणे आणि मशीनमध्ये आणखी एक माप पावडर घालून बटण दाबे.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी धुके होते. मी अंगणात गाठोड्यावर बसलो होतो. मनात मेणबत्ती दिसत होती आणि तिचे मेण नेहमीप्रमाणे माझ्या मनगटावर गळत होते. ओतोनिएल आला, मशीनला नेहमीचा हात लावला आणि बोळाकडे वळला. तिथे इझोलिना रडत होती. नोएमिया तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

"काय झालं?" ओतोनिएलने विचारले.

मी खाकरलो. इझोलिनाने माझ्याकडे पाहिले, डोळे पुसले आणि नियम मोडला.

"उद्या सण आहे आणि माझे संत घरात नाहीत. तुम्ही हसाल, पण वर्षानुवर्षं माझ्याजवळ होते. उलटे का होईना, होते."

"नाहीत कोण म्हणतं?" ओतोनिएल म्हणाला. "मी पाहिलंय त्यांना."



"कुठे?" नोएमियाने विचारले.

"त्या पेटीत. खटका दाबून धरून उभे आहेत. पहिल्याच दिवशी, इझोलिनाबाई कॉफी करायला उठल्या तेव्हा पाहिलं."

"आणि तू बोलला नाहीस?" मी विचारले. (आवाज चढवण्याचा मला अधिकार नव्हता, हे पुढच्याच क्षणी लक्षात आले.)

"कसा बोलणार, मास्तर? मागे एका घरी फ्रिजवरचं संताचं चित्र बाजूला केलं, तर बाईंनी मला शिडीसकट हाकललं. तेव्हापासून पास्टरनी बजावलंय, तारा दुरुस्त कर, माणसं नको. आणि मला वाटलं, इझोलिनाबाईंचा नवस असेल. सणापर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असा. संतांना पहाऱ्याला उभं केलं असेल. दुसऱ्याचा नवस फोडू नये ना." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "समोर मशीन असून कपडे पडलेत, घरचे पुरुष रोज आरडाओरडा करताहेत आणि बाई एक शब्द न बोलता शिवताहेत. इतका निग्रह मी कोणात पाहिला नव्हता. म्हणून येत राहिलो."

"मी नाही हो ठेवले त्यांना तिथे," इझोलिना म्हणाली.

"मी पण नाही," नोएमिया म्हणाली.

मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"शिस्तीचा प्रश्न होता," मी म्हणालो.

ओतोनिएल मूर्तीला हात लावणार नव्हता. तो त्याच्या तत्त्वाचा प्रश्न होता. मी लावावा असे कोणाला वाटले नाही. इझोलिनाच स्टुलावर चढली आणि ओतोनिएलने स्टूल धरले. संत ताठ उभे होते. त्यांचे पत्र्याचे तेजोवलय बरोबर मशीनच्या खटक्यावर अडकले होते आणि सारा भार देऊन त्यांनी तो खाली ओढून धरला होता. उलटे असते, तर तळाची लाकडी बैठक खटक्याला लागलीही नसती. इझोलिनाने त्यांना उचलले, बोटाने खटका वर केला आणि अंगणात मशीनने टुंग् असा आवाज केला.

मी धावलो. सगळे झगे एकदम आत टाकले, झाकण मिटले आणि बटण दाबले. पाणी आले, फिरले. आनंदाचे ते क्षण मी विसरणार नाही. त्यानंतर आठवडाभर साठवलेली पावडर जागी झाली.

फेस आधी झाकणाच्या फटीतून डोकावला. मग त्याने झाकण उचलले. मग तो मशीनच्या चारी बाजूंनी उतरला, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शिरला आणि ओट्याखालची कोंबडी दुसऱ्या दाराने बाहेर पडली.

"अहो, किती पावडर घातलीत?"

"क्रमाने घातली."

मी आणि नोएमिया झाडूने फेस रेटत होतो. ओतोनिएलने बूट काढून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. इझोलिना संतांना एका हातात उंच धरून फेसात उभी होती आणि हसत होती. ती आमच्या घरी आल्यापासून मी तिला असे हसताना ऐकले नव्हते. नोएमियाने झाडू थांबवला आणि मला कोपराने ढोसले. मला वाटले, मी कोपरा नीट झाडला नाही. मी तो पुन्हा झाडला.

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस नसतो; झगे कोरड्या उन्हात वाळले. असे पांढरे झगे गावाने पाहिले नव्हते. फादर बेलार्मिनोंनी एकाची बाही बोटांनी चोळून पाहिली, मान हलवली आणि पुढच्या उजव्या खांद्याकडे हात केला. मी पालखीखाली खांदा दिला. माझ्यापुढे कोणाची पाठ नव्हती. रस्ता होता, पताका होत्या आणि धूप धरलेले फादर. हा क्षण माझा होता, हे मी नम्रपणे नोंदवतो.

मग रिवाजाप्रमाणे फादरनी पालखी वाहणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडले.

ते झगे कितीही वेळा खळबळले असते, तरी तेवढी पावडर सुटणे शक्य नव्हते. पाणी पडले तिथे फेस आला. खांद्यावर आला, तिथून पालखीच्या दांड्याच्या घर्षणाने वाढला, मानेवरून कानाकडे चढला. आम्ही पांढरे होतो. ठरल्यापेक्षा काहीसे अधिक पांढरे. मागून मेणबत्त्या घेऊन येणारे दुतर्फा सरकले. लहान मुले गेल्या वर्षीपेक्षा जोराने टाळ्या वाजवत होती. माझ्या खांद्यावर दांडा साबणासारखा (म्हणजे साबणामुळेच) सरकू लागला आणि संत माझ्या बाजूला थोडे कलले. परंतु पडले नाहीत. ते सरळ उभे राहिले. एवढा अनुभव त्यांना आता होता.

चर्चच्या पायऱ्यांवर फादर माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी गुलाबी चालेल."

ओतोनिएल मिरवणुकीत आला नव्हता. त्याच्या पंथाला ते मान्य नाही. तो रस्त्याकडेला टोपी हातात घेऊन उभा होता. मिरवणूक संपल्यावर तो घरी आला आणि घरातला पुरुष म्हणून त्याने मला इझोलिनाविषयी विचारले. मी पंथाचा मुद्दा काढणार होतो. शब्दही जुळवले होते.

"अहो," नोएमिया म्हणाली, "त्याला या घरात कोणी आणलं?"

"मशीनने."

"मशीन कोणी बंद केलं?"

"संतांनी," मी म्हणालो. ते तोंडातून निघून गेले.

"आणि संतांना तिथे कोणी उभं केलं?"

मी संमती दिली. लग्न सप्टेंबरात आहे. दोन प्रार्थनागृहांतून दोन आशीर्वाद घ्यायचे ठरले आहे आणि दोन्हीकडे मक्याचा केक आहे. इझोलिनाचे संत आता तिच्या शिलाईपाशी सरळ उभे असतात, कडेवर बाळासकट. ओतोनिएल त्यांच्याकडे पाहून मान हलवतो. हात लावत नाही.

यातून एक धडा निघतो, आणि तो मी पुढच्या सभेत मांडणार होतो: वर्षभर उलटे ठेवलेल्या संतांनी काही दिले नाही; सरळ उभे केल्यावर आठवड्यात दिले. माझ्या मताला याहून स्पष्ट पुरावा कोणता? परंतु गावाने भलताच धडा घेतला. संत सरळ असोत की उलटे, गुण पेटीचा आहे, असे ठरले. आता संध्याकाळ झाली की कोणाची तरी आई रुमालात संत गुंडाळून दारात येते. "मास्तर, चार दिवस ठेवता का? फक्त तुमच्याच हाताने ठेवा हं." मी नकार देतो. नोएमिया त्यांना आत घेते आणि मशीनवर रांगेत उभे करते, कारण पेटीत एकालाच जागा आहे.

परवा कोणी संत आत जाऊन खटका पाडला तर नाही ना, म्हणून मी स्टुलावर चढून पेटी उघडली. आत एकही संत नव्हता. मिरवणुकीतला माझा फोटो होता, झग्यातला, फेसासकट. तो डोके खाली करून चिकटवला होता.

नोएमिया काय मागते आहे, ते ती सांगत नाही. फळ मिळेपर्यंत फोटोला हात लावायचा नाही, एवढे तिने बजावले आहे.

मी हात लावलेला नाही. मशीन चालू आहे.